घामातलं मीठ

झाशी, लक्ष्मी गेट
११ ऑक्टोबर १९९९

जिजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखशील. निदान एक पान वाच, मग फाडायचं तर फाड. फोन केला होता, पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. म्हणून लिहिते आहे.

फेब्रुवारीत मला मुलगा झाला हे जिजाजींकडून कळलंच असेल. विद्याधर नाव ठेवलं. तब्येतीनं जरा नाजूक आहे, खोकला असतो, बाकी हसतो-खेळतो.

हे वरचं वाक्य खोडणार होते. राहू दे. पण ते खरं नाही. त्याला दोनदा निमोनिया झाला. दुसऱ्या वेळी ऑक्सिजन लावावा लागला. एका डॉक्टरांनी टीबी समजून औषध सुरू केलं, काही फरक नाही. आठ महिन्यांचा झालाय आणि अजून तीन महिन्यांच्या बाळाची झबली त्याला होतात. भूक मात्र अशी की दूध संपलं तरी तोंड उघडंच. आणि जे पितो ते सगळं तेलकट होऊन लंगोटात येतं. तो वास धुऊनही जात नाही.

आता सीपरी बाजारातल्या डॉक्टर निगमांना दाखवतो. परवा त्यांनी विचारलं, "घर में पहले कोई बच्चा गया है?" तुझे दीर कसे आहेत तुला माहीत आहे, कठीण प्रश्न आला की चपलांकडे बघतात. मग मीच म्हणाले, हो, माझ्या बहिणीचा, दहा महिन्यांचा होता. बहिणीचे मिस्टर कोण लागतात, त्यांनी विचारलं. म्हटलं, ह्यांचे सख्खे मोठे भाऊ. निगमांनी पेन खाली ठेवलं.

"दो बहनें, दो भाई के घर। और ये दोनों परिवार आपस में पहले से रिश्तेदार?"

झाशीत आपली मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. कितीतरी पिढ्या इकडची मुलगी तिकडे, तिकडची इकडे. म्हटलं, हो, दूरचं नातं आहेच.

त्यांनी जे विचारलं ते तुला विचारते. मार्तंडची शी अशीच तेलकट असायची का? त्याला सारखा खोकला असायचा का? आणि तिसरं, विचित्र वाटेल. त्याचा पापा घेतला की खारट लागायचा का?

हा प्रश्न मला नवीन नव्हता. मागच्या महिन्यात शेजारच्या चंपा मौसीनं विद्याधरला उचलून मुका घेतला आणि म्हणाली, "काए बहू, तुमाओ मोडा तो नोन लगत." मला वाटलं नोनो म्हणाली. गोजिऱ्या मुलाला इथे नोनो म्हणतात ते तू विसरली नसशील. मी हसले. तर म्हणाली, "अरी नोनो नईं, नोन." मीठ. पोरगं खारट लागतं म्हणे. मी त्याचं कपाळ चाटून पाहिलं. समुद्राचं पाणी मी कधी चाखलं नाही, पण तसंच असणार.

जिजी, मला एवढीच उत्तरं हवीत. बाकी काही लिहू नकोस.

इंदू


झाशी
४ नोव्हेंबर

जिजी,

तुझं पत्र नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की मी विद्याधरला कडेवर घेऊन दारात जाते, तो आमच्या दारावरून पुढे जातो. त्यालाही आता माझी लाज वाटते, मान खाली घालून जातो.

काल जिजाजींचं पत्र ह्यांना आलं. इटारसीची थंडी, नवीन क्वार्टर, सगळं लिहून शेवटी एका ओळीत की तुला दिवस गेलेत, मार्चमध्ये होईल. ह्यांनी पत्र माझ्या हातात दिलं आणि वर्कशॉपला निघून गेले.

मला आनंद झाला. खरंच झाला. मग हे पत्र लिहायला बसले. आता मी फक्त माझ्या मुलासाठी विचारत नाहीये.

निगमांना जो संशय आहे त्याचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. आईवडील दोघांच्याही रक्तात तो लपलेला असला तरच मुलाला होतो. आईवडील स्वतः ठणठणीत असतात, म्हणून कुणाला कळत नाही. इथे त्याची तपासणी होत नाही. दिल्लीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात होते. रक्त नाही घेत, घाम तपासतात. आम्ही एकवीस तारखेला निघतोय.

त्या दिवसाबद्दल मला कधी कुणी विचारलं नाही, म्हणून सांगते. तू आणि सासूबाई मऊरानीपुरला लग्नाला गेला होता. मे महिना. मार्तंड सकाळी चांगला खेळला. दुपारी दोन उलट्या झाल्या, मग तो मऊ पडला, कापडाच्या बाहुलीसारखा. मी ओली चादर लावली, चमच्याचमच्यानं पाणी पाजलं, रिक्षा बोलावली. दवाखान्यात म्हणाले लू लगी है, ऊन लागलंय. तू संध्याकाळच्या बसनं आलीस तेव्हा तो माझ्या मांडीवर होता आणि तो नव्हता.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तू म्हणालीस, "तुझ्या हातात दिला होता." उन्हात नेला नव्हता, उपाशी ठेवला नव्हता, मग गेला कसा, हे मलाही कळत नव्हतं. साडेचार वर्षं मी तेच विचारते आहे.

तीन प्रश्नांची उत्तरं पाठव. पोस्टकार्डावर पाठव.

इंदू


दिल्ली
२३ नोव्हेंबर

जिजी,

ह्यांच्या वर्कशॉपातल्या एकांच्या भावाकडे उतरलोय, सब्जी मंडीजवळ. विद्याधर झोपलाय म्हणून लिहायला बसले. झोपला की मी श्वास मोजते. मध्येच अंतर पडलं की लिहिणं थांबतं, म्हणून अक्षर असं आलंय.

तपासणी कशी करतात ते लिहून ठेवते. तुला उपयोगी पडू नये अशी इच्छा आहे.

त्याचा हात धुऊन पुसला. मग दंडाखाली दोन पट्ट्या बांधल्या, औषधात भिजवलेल्या, त्यांना तारा. एका छोट्या बॅटरीच्या डबीतून मुंगीच्या चावण्याइतकी वीज सोडतात. मी ह्यांचा हात धरला होता. विद्याधर रडला नाही, ताराच ओढत बसला. पट्ट्या काढल्या तर खाली रुपयाएवढा लाल डाग. त्या डागावर कागदाचा तुकडा ठेवून वरून घट्ट झाकलं. औषधामुळे तेवढ्याच जागेला घाम फुटतो, तो कागद पितो.

तो घाम ज्याने तपासतात ते मी बघितलं. डॉक्टर मॅडम भल्या आहेत, मला आत उभं राहू दिलं. पेन्सिलीसारखी एक कांडी, टोकाला चांदी, वर तार मशीनला जोडलेली. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे दोन भाग होतात म्हणे, त्यातला एक, क्लोराइड, ती चांदी ओळखते आणि किती आहे ते मशीनवर आकड्यात येतं. आधी त्यांनी ती कांडी दोन बाटल्यांत बुडवून पाहिली. एकीत कमी मिठाचं पाणी, दुसरीत जास्त, दोन्ही मोजून बनवलेली. मी विचारलं, हे कशाला. म्हणाल्या, "पहले इसकी परीक्षा, फिर बच्चे की। नहीं तो इस पर भरोसा कैसे करें।"

मग कागदाचं वजन केलं आणि मॅडमनी मान हलवली. घाम पुरेसा आला नव्हता.

"बच्चा कमज़ोर है, ऊपर से सर्दी। इतने में नापूँगी तो नंबर झूठा आएगा।"

ह्यांनी विचारलं, झूठा तरी सांगा, अंदाज. त्या म्हणाल्या, नाही. तीन आठवड्यांनी या, तोवर थोडं वजन वाढवा, गरम कपड्यात आणा. बाहेर आल्यावर हे व्हरांड्यातल्या भिंतीला टेकून उभे राहिले. इतक्या वर्षांत मी ह्यांना रडताना बघितलं नव्हतं. मार्तंडच्या वेळीही नाही. आज बघितलं. मला राग आला, का ते माहीत नाही. म्हटलं, मुलगा माझ्या कडेवर आहे, तुम्ही बॅग तरी उचला.

तुझ्या उत्तराची वाट बघणं सोडलेलं नाही.

इंदू


झाशी
१९ डिसेंबर

जिजी,

तुझं आंतर्देशीय पत्र दिल्लीला निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. चार ओळी. "तिन्हीला हो. खारट लागायचा. मला वाटायचं माझ्याच तोंडाला चव नाही, म्हणून कुणाला सांगितलं नाही. पुन्हा लिहू नकोस."

मी मॅडमना त्या ओळी वाचून दाखवल्या, शेवटची सोडून.

या वेळी ट्रेनमध्ये त्याला दोन स्वेटर, टोपडं, वरून माझी शाल. स्टेशनवरची माणसं बघत होती. रुग्णालयातही हीटरजवळ घेऊन बसले. कागद भरला. कांडी त्या दोन बाटल्यांत बुडवून झाली, मग त्याच्या घामात. आकडे वर चढायला लागले. मला त्यांचा अर्थ कळत नव्हता, मी मॅडमच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि त्या मशीनकडे. साठच्या वर गेलं की आजार असतो. विद्याधरचा एकशे चारवर थांबला. त्यांनी दुसऱ्या हातावर पुन्हा केलं. एकशे एक.

तर आहे.

मार्तंडबद्दल मी विचारलं. त्या म्हणाल्या, तपासल्याशिवाय शपथेवर कुणी सांगू शकत नाही, पण आईचं हे उत्तर, काकाच्या मुलाचा हा आकडा, आणि झाशीचा मे, म्हणजे जवळजवळ नक्कीच. अशा मुलांच्या घामातून इतकं मीठ जातं की कडक उन्हाळ्यात उलट्या होऊन मूल एका दुपारीत गळून जातं. उन्हात न्यावं लागत नाही, घरात पडूनही जातं. मी म्हटलं, मी पाणी पाजत होते. त्या म्हणाल्या, "पानी से वो भरपाई नहीं होती। पर बेटी, तब किसी को पता नहीं था। न आपको, न उसकी माँ को।"

न उसकी माँ को. हे मी खास लिहितेय.

मला वाटलं होतं की हे ऐकल्यावर मी मोकळी होईन. तसं काहीच झालं नाही. साडेचार वर्षं हवं असलेलं उत्तर मिळालं, ते माझ्याच मुलाच्या दंडातून निघालं. मी मॅडमना विचारलं, बरा होईल ना? त्या म्हणाल्या, "ठीक रखेंगे।" मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच शब्द वापरले. मग तिसऱ्यांदा विचारलं नाही.

आता कामाचं. तुझ्या बाळाला हे असण्याची शक्यता चारात एक. नसण्याची चारात तीन. बाळ महिन्याभराचं झालं, वजन धरलं, की घाम तपासता येतो. तोवर बाळ खारट लागलं, उलट्या झाल्या, दूध पिऊनही वाळत गेलं, तर थांबायचं नाही. मॅडमचं नाव आणि वॉर्ड वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय.

तू लिहू नको म्हणालीस. हे लिहिल्याशिवाय मला झोप आली नसती.

इंदू


झाशी
१४ एप्रिल २०००

जिजी,

काल फलाटावर जे बोलायचं होतं ते बोलले नाही.

जिजाजींचा निरोप आला की तुम्ही दिल्लीला तपासणीला निघालाय, गाडी दुपारी झाशीवरून जाईल, तू उतरणार नाहीस. मी विद्याधरला चंपा मौसीकडे ठेवून आले. त्याला ताप होता. ते तुला सांगितलं नाही, सर्दी म्हटलं. डब्यात पुऱ्या आणि बटाट्याची भाजी होती, ती खिडकीतून दिली, तू घेतलीस. पाच वर्षांत तुझे केस इतके पांढरे झाले असतील असं वाटलं नव्हतं. तुलाही माझ्याकडे बघून काहीतरी वाटलं असेल.

"उतर ना थोडी. हवा लागेल," मी म्हटलं.

"नको. या गावात नको."

मग तू शाल बाजूला करून मुलगी दाखवलीस. गुटगुटीत आहे, नाक आपल्या आईसारखं. मी हात आत घातला नाही. मला तिचं कपाळ चाटून बघायचं होतं. तू ओळखलंस.

"मी बघते रोज," तू म्हणालीस. "काही कळत नाही. मला आता सगळंच खारट लागतं."

मी म्हणायला हवं होतं की रडत रडत पापा घेतलास तर खारटच लागणार. ते सुचलं नाही. गाडी हलली आणि जिजाजींनी हात केला, तू केला नाहीस, तुझे दोन्ही हात गुंतले होते.

घरी परत येताना मनात एक विचार आला, तो लिहून टाकते, कारण खोट्याचा आता कंटाळा आलाय. तुझ्या मुलीला हे नसावं अशी मी देवाजवळ प्रार्थना करत चालले होते. आणि त्याच वेळी आत कुठेतरी, मी एकटी पडेन, असं आलं. ते आलं आणि गेलं. पण आलं.

कळव. काहीही असो, कळव.

इंदू


इटारसी
२५ एप्रिल

इंदू,

एकोणीस आला. दोन्ही हातांचा. मॅडम म्हणाल्या, हिला नाही. जिजाजी तुझे बाहेर जाऊन सगळ्या वॉर्डाला पेढे वाटून आले. मी बाकावर बसून राहिले. आनंद व्हायला हवा होता, तर मला मार्तंड दिसत राहिला. ह्या एका आकड्यासाठी तोही त्या बाकावर बसू शकला असता.

मॅडमनी ओळखलं मी कोण. म्हणाल्या, "आप झाँसी वाली की बहन हैं न?" मग मला विद्याधरबद्दल सगळं सांगितलं, जे तू लिहिलं नाहीस. दर जेवणाबरोबर द्यायची पचनाची पावडर मुंबईहून मागवावी लागते. दिवसातून तीनदा पालथा धरून पाठ थापटायची म्हणजे छातीतला कफ सुटतो. उन्हाळ्यात मीठ-साखरेचं पाणी दिवसभर. मार्चमध्ये तो पुन्हा भरती होता. मी विचारलं, घरात तिच्या मदतीला कोण आहे? त्या म्हणाल्या, वो तो अकेली आती है, पति को छुट्टी नहीं मिलती.

सासूबाई म्हणतात आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं, हे मला जिजाजींनी सांगितलं. त्या कशालाच हात लावत नसतील. मला माहीत आहे त्या घराचं.

मी येते आहे. मे महिना पूर्ण आणि जूनमध्ये पाऊस येईपर्यंत. मुलगी बरोबर असेल. मी माफी मागायला येत नाही, ते जमेल तेव्हा जमेल, कदाचित जमणारही नाही. तू रात्री झोपायचं आणि मी त्याच्याजवळ बसायचं, एवढ्यासाठी येते आहे. झाशीत मे मी काढू शकेन की नाही मला माहीत नाही. स्टेशनवर पाऊल ठेवल्यावर कळेल.

पाठ कशी थापटायची ते मॅडमनी मला बाहुलीवर शिकवलंय. हाताची वाटी करून.

जिजी


झाशी
२९ एप्रिल

जिजी,

ये.

पंजाब मेलनं येऊ नकोस, तिला गर्दी असते. हे डब्यात चढून सामान घेतील, तू फक्त मुलीला सांभाळ. सासूबाईंशी मी बोलले आहे. आज त्यांनी स्वतः उठून माठ धुतला.

खोलीला वाळ्याची ताटी लावली आहे. कूलर दुसरा आणलाय. तरी दुपारी भिंती तापतात आणि मला अकरा वाजल्यापासून भीती सुरू होते ती ऊन कललं की जरा उतरते. काल त्याला एकच उलटी झाली तर मी चंपा मौसीला हाक मारून अख्खी गल्ली गोळा केली. दूध जास्त झालं होतं, दुसरं काही नव्हतं. तू आलीस की आपण दोघी घाबरू, हे मला माहीत आहे. तरी ये.

त्याला बघून दचकू नकोस. वाळलेला आहे, डोळे मोठे दिसतात. बसतो, पण उभा राहत नाही अजून. टाळ्या वाजवतो. त्याच्यासमोर रडू नकोस, तो लगेच तोंड बघून ओठ काढतो.

आणि तो अनोळखी माणसाकडे जात नाही. दवाखान्यांमुळे झालंय, नवीन चेहरा दिसला की त्याला सुई आठवते. मी स्टेशनवर त्याला घेऊन येईन. तुझ्याकडे देईन तेव्हा तो रडेल, माझ्याकडे हात करेल, मीही कदाचित हात पुढे करेन. तू ऐकू नकोस. घे त्याला.

तुझी
इंदू